काळ्या काचेचे चलान आणि त्यास हरकत

मोटारीच्या काचांना काळी फिल्म लावल्याबद्दल महाराष्ट्रात जे चलान होते, त्याची रक्कम पहिल्या खेपेस ५०० रुपये आणि त्यानंतर १,५०० रुपये असते. मोटार वाहन कायद्यात ज्या गुन्ह्यांना स्वतःचे वेगळे कलम लाभले नाही, त्यांची सोय लावणारे कलम १७७ येथे लागते. २०१९च्या दुरुस्तीपूर्वी हाच दंड १०० रुपये होता. एवढ्याशा रकमेसाठी शहाणा माणूस कोर्टाची पायरी चढणार नाही, या भरवशावर सगळी व्यवस्था चालते. तरी काही वाहनमालक ती चढतातच. त्यांचे दुखणे पैशांचे नसते. चौकात हवालदाराने आत डोकावून पाहिले आणि आत विशेष असे कोणीच बसलेले नव्हते, हे चार लोकांना दिसले, हे ते दुखणे.

याबाबतचा कायदा सोपा आहे, त्यामुळे त्यावर वाद घालणे कोणालाही जमते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला नियम १०० सांगतो की पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. नियम बोलत होता तो काचेबद्दल. काचेवर वरून काही चिकटवावे की नाही, याविषयी त्यात शब्द नव्हता, आणि या मौनावर सीट कव्हर, हॉर्न व फिल्म विकणाऱ्या दुकानांनी दोन दशके संसार केला. फिल्म घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला "सत्तर-पन्नासचीच देतो, पोलीस काही बोलणार नाही" असे सांगितले जाई आणि त्याच्या गाडीला अशी फिल्म लागे की पार्किंगमध्ये त्यालाच आपली सासू आत बसली आहे की नाही हे दार उघडल्याखेरीज कळू नये.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मौन मोडले. अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर सरन्यायाधीश एस. एच. कापडिया यांच्या पीठाने निकाल दिला. गुन्हेगार काळ्या काचांचा आडोसा घेतात, ही याचिकेतली मुख्य तक्रार होती. न्यायालयाने नियमाचा सरळ अर्थ लावला: काच जशी कारखान्यातून येते तशीच ठेवायची. तिच्यावर काळी फिल्म लावायची नाही. मग त्या फिल्ममधून कितीही टक्के उजेड जात असो. ४ मे २०१२ पासून बंदी लागू झाली. चलान तर करावेच, शिवाय फिल्म जागच्या जागी काढून टाकावी, असेही पोलिसांना सांगण्यात आले. फिल्मच्या धंद्यातली मंडळी पुन्हा न्यायालयात गेली आणि ३ ऑगस्ट २०१२ रोजी रिकाम्या हाताने परतली. त्या वेळी आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. कंपनीने काच बनवतानाच तिच्यात रंग मिसळला आणि ती सत्तर-पन्नासच्या मापात बसली, तर हरकत नाही. म्हणजे काळेपणा काचेच्या अंगचा असला तर चालतो, वरून लावलेला चालत नाही. जन्मजात आणि लावलेला असा हा भेद आपल्या समाजाला नवा नसल्याने तो लोकांना चटकन समजला. पटला नाही, एवढेच.

निकालात एक सवलत ठेवली होती आणि पुढची सगळी गंमत तिच्यातच आहे. ज्यांना झेड किंवा झेड प्लस दर्जाची सुरक्षा आहे, त्यांच्या गाड्यांना पोलीस महासंचालक किंवा आयुक्त यांच्या समितीने मंजुरी दिल्यास काळ्या काचा चालतील. मात्र ही सवलत उगाच वाढवू नये, असे न्यायालयाने बजावले. न्यायालयाचा हेतू असा की ज्याच्या जिवाला खरोखरच धोका आहे, तोच लपावा. महाराष्ट्रातल्या वाहनधारकांनी त्याचा अर्थ उलट्या बाजूने लावला: जो लपलेला आहे, त्याच्या जिवाला धोका असला पाहिजे, आणि ज्याच्या जिवाला धोका आहे, तो मोठा माणूस असला पाहिजे. मग समितीची वाट न पाहता प्रत्येकाने आपापल्या जिवाच्या धोक्याचे मूल्यमापन घरच्या घरी केले. जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे प्लॉटिंगमधले भागीदार, एवढेच काय, भागीदारांचा कॉलेजात जाणारा चिरंजीव, असे सगळेच अज्ञात मारेकऱ्यांच्या यादीत असल्याचे काचांवरून दिसू लागले. पुढे डॅशबोर्डवर एखादी टोपी, मागच्या काचेवर दादा, भाऊ किंवा अण्णा यांचे नाव, आणि मधे काळोख. नाव एवढ्या ठळक अक्षरांत लिहिल्यावर लपायचे ते काय, हा प्रश्न मारेकऱ्यालाही पडावा.

फिल्मचे गणित येथेच पाहून घेतलेले बरे, कारण पुढे कोर्टात त्यावर बोलणारे सगळेच ते चुकवतात. टक्क्यांची बेरीज किंवा वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. कंपनीची काच मुळात समजा ८० टक्के उजेड सोडते. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येतो ५६ टक्के. दुकानदाराच्या बिलावर "७० टक्के" हा आकडा खराच असतो; तो फिल्मचा असतो, गाडीचा नसतो. पुढच्या काचेला नियमात बसवायचे तर फिल्मने जवळजवळ ८८ टक्के उजेड सोडायला हवा. तशी फिल्म मिळते. ती लावली आहे हे शेजाऱ्यालासुद्धा कळत नाही. सूर्याच्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, आणि चांगली महागडी फिल्म तो पुष्कळसा अडवून दिसणारा उजेड आत सोडू शकते. थोडक्यात, चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडी थंड ठेवायला काळोखाची गरज नाही. पण उन्हाचे कारण सांगून फिल्म घेणारा गिऱ्हाईक दुकानात पारदर्शक फिल्म दाखवली की नाक मुरडतो. पैसे मोजून काही लावले आणि ते दिसलेच नाही, तर लावले कशाला, असा त्याचा रोकडा सवाल असतो.

चलानाचा प्रसंग साधारणपणे चौकात घडतो. सिग्नल सुटता सुटता हवालदार हात करतो, "साइडला घ्या". चालक गाडी बाजूला घेतो आणि बोलण्यासाठी काच खाली करतो. येथेच पहिला पेच पडतो, कारण काच खाली गेली की पुरावाही तिच्याबरोबर दरवाजाच्या पोटात जातो. हवालदार म्हणतो, "काच वर करा." काच वर जाते. मग हवालदार काय बोलतो ते आत ऐकू येत नाही आणि चालक काय सांगतो ते बाहेर ऐकू येत नाही. दोघांचे ओठ तेवढे हलत राहतात, त्यातही चालकाचे दिसत नाहीत. काच पुन्हा खाली येते. "वर करा म्हटलं ना!" "केली होती की साहेब, तुम्हीच टकटक केलीत." अनुभवी हवालदार या घोळात पडत नाही. तो काच चार बोटे खाली घ्यायला लावतो आणि तिच्या वरच्या कडेवरून नख फिरवतो. फिल्म काचेच्या अगदी कडेपर्यंत लावली जात नाही, एक-दोन मिलिमीटर जागा सुटते. नख अडकले की फिल्म आहे, सरकत गेले की काच कंपनीची. या परीक्षेला वीज लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही, आणि ती क्वचितच चुकते.

चालकाचा ठरलेला पवित्रा असा की, "मीटर आहे का तुमच्याकडे? मोजून दाखवा." मीटर असतो. त्याचे दोन तुकडे असतात. काचेच्या आत एक आणि बाहेर एक असे ते चुंबकाने समोरासमोर धरतात, एक उजेड टाकतो, दुसरा किती पोचला ते सांगतो. तो प्रत्येक चौकात असतोच असे नाही, हे चालकाला ठाऊक असते, आणि म्हणूनच त्याच्या आवाजात धार येते. परंतु २०१२च्या निकालाने कोणत्याही टक्क्याची फिल्म बंद केल्यावर मापायचे काही उरले नाही. काच कंपनीची असूनही मापाबाहेर आहे असा संशय असेल, तेव्हाच मीटरचे काम. इतर वेळी मीटर मागणे म्हणजे विनातिकीट प्रवाशाने टीसीकडे वजनकाटा मागणे.

मीटर नाही म्हटल्यावर हवालदार मोबाइलवर फोटो काढतो. हा फोटो चलानासोबत ऑनलाइन दिसतो आणि पुढच्या सगळ्या वादाचा पाया ठरतो. पाया जरा भुसभुशीत असतो. दिवसाउजेडी गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा उजेड कमी असतो, त्यामुळे फोटोत कोणत्याही गाडीची कोणतीही काच काळीच येते. वर तिच्यात समोरचे प्रतिबिंब उमटते. चालकाच्या बाजूच्या दाराचा फोटो मोठा करून पाहिला तर त्यात आभाळ दिसते, विजेची तार दिसते, एका युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उलट्या अक्षरांत दिसतो, आणि मधोमध मोबाइल धरलेला हवालदार स्वतः दिसतो. गुन्ह्याच्या छायाचित्रात आरोपी सोडून सगळे हजर. हरकत घेणाऱ्याचा हा सर्वांत चांगला मुद्दा आहे आणि तो फारच थोड्यांना सुचतो. बाकीचे "माझ्याच गाडीला का धरलं, ती पुढची काळी स्कॉर्पिओ दिसली नाही का" याच मुद्द्यावर अडून बसतात. कायद्यात या मुद्द्याला किंमत शून्य आहे. चौकात मात्र त्याला गर्दीचा भरघोस पाठिंबा मिळतो.

बचावांचे काही ठरावीक प्रकार आहेत. "गाडी अशीच आली, कंपनीचीच काच आहे" हा खरा असेल तर बिनतोड असतो. काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचे नाव आणि आयएसआयचा शिक्का कोरलेला असतो, तो दाखवावा, मीटर लावून घ्यावा, विषय संपला. पण हा बचाव बहुधा अशा गाडीबाबत केला जातो जिच्या फिल्मला मागच्या काचेवर फुगे आलेले असतात. दुसरा, डॉक्टरांची चिठ्ठी. पत्नीला उन्हाची ॲलर्जी, आईला मायग्रेन. नियम १०० मध्ये आजाराची सवलत नाही, आणि आई व पत्नी दोघीही त्या वेळी गाडीत नसतात. तिसरा, बिल. त्यावर "आरटीओ ॲप्रूव्हड" असा गोल शिक्का असतो, जो दुकानदाराने शेजारच्या रबर स्टॅम्पवाल्याकडून करून घेतलेला असतो. वॉरंटी फुगे व रंग उडणे यांपुरती असते, दंडापुरती नसते. चौथा म्हणजे फोन. फोन कोणाला लावला आणि पलीकडून काय सांगितले गेले, यावर पुष्कळ संशोधन होण्यासारखे आहे. परंतु हल्ली चलान यंत्रातून थेट सर्व्हरवर जाते आणि एकदा गेलेले चलान चौकात कोणालाच परत बोलावता येत नाही, त्यामुळे या प्रकाराची सद्दी उतरत चालली आहे. फोनवरचे साहेबही "आधी सांगायचं ना" एवढेच म्हणतात. आधी म्हणजे केव्हा, हे कोणी विचारत नाही.

पाचवा बचाव नवा आणि बऱ्यापैकी भारदस्त आहे. नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सेफ्टी ग्लासच्या जोडीला सेफ्टी ग्लेझिंग हा प्रकार त्यात आला. काचेच्या आतल्या बाजूस प्लॅस्टिकचा थर असणे या व्याख्येत बसते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. नगरेश यांनी या दुरुस्तीचा आधार घेऊन सांगितले की सत्तर-पन्नासची मर्यादा पाळणारी फिल्म लावता येईल, तिच्यासाठी दंड करता येणार नाही. गंमत अशी की याच केरळात जानेवारी २०२१ मध्ये परिवहन खात्याने फिल्म आणि पडदे यांच्याविरुद्ध ऑपरेशन स्क्रीन नावाची मोहीम काढली होती. तो निकाल काही तासांत महाराष्ट्रातल्या मोबाइलवर पोचला, बहुतेक ठिकाणी "फिल्म लावायला परवानगी, हायकोर्टाचा दणका" एवढ्याच एका ओळीत. त्याची प्रिंट काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या शेजारी ठेवणारे बरेच आहेत. केरळचा निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयाला विचारात घेता येतो, तो बांधील नसतो. शिवाय तो सत्तर-पन्नासची अट मोडत नाही, उलट पक्की करतो. वरचा गुणाकार ज्याला येतो त्याला हे कळेल की ही प्रिंट ज्या गाड्यांत ठेवलेली असते, त्यांतल्या बहुतेकींना ती हरवेल. त्यांच्यासाठी खरे तर मीटर नसलेलाच बरा.

चलान मान्य नसेल तर पहिली पायरी म्हणजे वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तक्रार नोंदवणे. गाडी क्रमांक, चलान क्रमांक, कारण आणि फोटो. आता मालकाला आपल्या काचा पारदर्शक आहेत हे दाखवणारा फोटो काढायचा असतो. तो तिन्हीसांजेला आतला दिवा लावून गाडीत घरातले माणूस बसवतो आणि बाहेरून फोटो काढतो. दिवसा जे भौतिकशास्त्र पोलिसांच्या बाजूला होते ते आता याच्या बाजूला येते, आणि आतली व्यक्ती स्टुडिओत बसल्यासारखी उजळून निघते. उत्तर कधी येते, कधी येत नाही. आले तर बहुधा चलान योग्य असल्याचेच येते.

पुढची पायरी आभासी न्यायालयाची. २०२० पासून नागपूर जिल्ह्यातल्या काटोल येथे वाहतूक चलानांसाठी असे न्यायालय आहे. संत्र्यांच्या या गावाचे नाव ज्याने फक्त फळबाजारात ऐकले होते, त्याला आपले प्रकरण तेथे असल्याचे मोबाइलवर समजते. जायचे मात्र कोठेही नसते. पडद्यावर दंड भरा किंवा प्रकरण लढवा, असे दोन पर्याय येतात. शहाणे पहिला निवडतात. दुसरा निवडणाऱ्याचे प्रकरण तेथून निघून त्याच्या हद्दीतल्या नेहमीच्या न्यायालयात जाते, म्हणजे ऑनलाइन सुरू झालेली गोष्ट शेवटी लाकडी बाकावरच येते.

बाकावर बसल्यावर जे कळते ते असे. चलान एका ओळीचे असले तरी ते फौजदारी प्रकरण आहे. पुकारा होतो, गुन्हा कबूल आहे का असे विचारले जाते. नाही म्हटले की साक्ष आली, साक्ष आली की हवालदाराने येणे आले, आणि हवालदार त्या तारखेला गणपतीच्या, नाही तर मोर्चाच्या, नाही तर कोणा खऱ्या झेड प्लसच्या बंदोबस्तात असतो. वकिलाची फी चलानाच्या रकमेशी तुलना करण्याजोगी नसते. शिवाय काचेचा प्रश्न राहतोच. फिल्म काढून टाकली असेल तर दाखवायला काही नाही. ठेवली असेल तर गुन्हा चालू आहे. त्याच गाडीने कोर्टात आलेल्याला फाटकाबाहेर दुसरे चलान होऊ शकते, आणि ते १,५००चे असते. जाणते लोक म्हणून तारखेला रिक्षाने येतात.

कायदा वाचून आलेले काही जण मुदतीचा मुद्दा काढतात. ज्या गुन्ह्याला केवळ दंड आहे, त्याची दखल न्यायालयाने ६ महिन्यांच्या आत घ्यायची असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ५१४ आहे. मुद्दा चांगला आहे. परंतु मुदत संपल्याचे कायद्याला कळते, संगणकाला कळत नाही. गाडी क्रमांक टाकला की ते चलान लाल अक्षरांत उभेच राहते, आणि ते उभे आहे तोवर मालकाला झोप लागत नाही.

मग येते लोकअदालत. तेथे गर्दी असते, मंडप असतो, पुष्कळदा दंडात सवलतही असते. लोकअदालत तडजोड करते. दोषी कोण हे ती सांगत नाही, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे तिच्या निवाड्यावर अपील नाही. महिनोन्महिने "एक रुपयासुद्धा भरणार नाही" म्हणणारा लढवय्या तेथे निम्मे पैसे भरून बाहेर येतो आणि घरी जिंकल्याचे सांगतो. घरचेही फार खोलात जात नाहीत.

फिल्म काढण्याचे काम दुकानात ती लावण्यापेक्षा जास्त वेळ घेते. आधी गरम हवा किंवा वाफ देतात, मग ब्लेडने एक कोपरा उचलून सावकाश ओढतात. फिल्म निघते, गोंद राहतो. रॉकेल, साबणाचे पाणी, जुनी वर्तमानपत्रे असे उपाय चालतात आणि काचेवर दुधाळ डाग राहतात, ज्यांतून मूळ फिल्मपेक्षाही कमी दिसते. मागच्या काचेवर धुके घालवणाऱ्या बारीक तारांच्या रेघा असतात. ब्लेड घाईने फिरले की त्या तुटतात आणि पावसाळ्यात मागचे दिसेनासे होते. चौकात हवालदाराने स्वतः फिल्म ओढून काढली असेल तर ती नेहमी अर्धीच निघालेली असते, आणि तशी फाटकी काच मिरवण्यापेक्षा मालक त्याच संध्याकाळी दुकान गाठतो. काढून घ्यायला की नवी लावायला, हे दुकानदार विचारतो तेव्हा तो थोडा वेळ विचार करतो.

थकलेली चलाने शेवटी गाडी विकताना निघतात. गिऱ्हाईक आधी क्रमांक टाकून ऑनलाइन पाहतो आणि सगळी रक्कम किमतीतून वळती करून घेतो. काळ्या काचेचे ५०० त्यात सिग्नल आणि नो पार्किंग यांच्या सोबतीने निमूट जातात. मग तो गाडीभोवती चक्कर मारतो, टायर बघतो, आत बसून एसी लावतो, आणि काचेवर बोट ठेवून विचारतो, "फिल्म का काढलीत हो?"